साठ रुपयांचे कार्बन

जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्या रसायनीच्या भागात पोपटी लागणारच. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी आणि वाटण चोळलेली कोंबडी. मडकं लावायचं काम पुरुषांचं, वाटण मात्र आमच्याकडे. ओलं खोबरं, कोथिंबीर, आलं, लसूण, हिरवी मिरची. गेल्या जानेवारीत हे वाटण अर्धं झालं आणि माझा मिक्सर थांबला. बाजूनं थाप मारली तर दोन गिरक्या घेतल्या आणि पुन्हा गप्प झाला. अंगणात पोरं लाकडं रचत होती आणि भांड्यात भरड खोबरं तसंच पडून होतं.

हा मिक्सर आम्ही १९८६ साली दिवाळीच्या बोनसमधून घेतला. पाटीवरचं कंपनीचं नाव माझ्याच घासण्यानं कधीच पुसलं गेलंय. त्यावर दोन बाळंतपणांचे डिंकाचे लाडू झाले, लेकीच्या लग्नाचा मसाला झाला, चाळीस वर्षांच्या चटण्या झाल्या. आठवडाभर आधीपासून तो खुणा करत होता. खालच्या जाळीतून निळ्या ठिणग्या दिसत होत्या आणि वीज कडाडल्यावर हवेला येतो तसा वास येत होता. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

त्या दिवशी मोरीमागचा पाटा ओढून काढला. वरवंटा फिरवला तर खोबरं नुसतं घसरायला लागलं. पाट्याला टाकी लागून पंचवीस वर्षं तरी झाली असतील. लहानपणी दारावरून हाक यायची, ‘टाकीऽ लावायची का टाकीऽ’. बाई उन्हात बसून छिन्नी-हातोडीनं पाट्यावर टिपके पाडायची. जाताना पसाभर तांदूळ आणि पैसे घेऊन जायची, आणि पाटा पुढचं वर्षभर चालायचा. पाटा गुळगुळीत झाला म्हणून कुणी नवा आणला नाही. दगड झिजतो, त्याला टाकी लावायची, हे घरातल्या पोरीबाळींनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मिक्सर पिशवीत घालून पनवेलला एका दुरुस्ती केंद्रात गेले. काउंटरवरच्या मुलानं तो पिशवीतून पुरता बाहेरही काढला नाही. म्हणाला, “मावशी, हे मॉडेल कधीच बंद झालं. पार्ट येत नाहीत. एक्स्चेंजमध्ये ठेवा, नव्यावर पाचशे कमी करून देतो.” मी म्हटलं, “उघडून तर बघ.” तो म्हणाला, “उघडून काय उपयोग?” त्या मुलावर माझा राग नाही. त्याला विकायला बसवलंय, उघडायला नाही.

तो मिक्सर आज माझ्या ओट्यावर चालतोय. दुरुस्तीला ६० रुपये लागले. हे लिहायला बसले ते एवढ्याचसाठी. ज्या यंत्राला आम्ही बायका रोज हात लावतो, ते उघडायला आम्हाला कुणी शिकवलं नाही, आणि आता ते उघडू नये अशीच त्याची घडण होत चाललीय. या दोन्ही गोष्टी बदलायला हव्यात, आणि त्या बदलता येतात.

माझे यजमान रसायनीच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. आता त्यांचा हात कापतो, बारीक स्क्रू दिसत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं पोरांना मराठी शिकवलं, स्क्रू ड्रायव्हर कधी हातात धरला नव्हता. पनवेलहून परत आल्यावर हे म्हणाले, “अगं, मी सांगतो, तू कर.” ओटीवर जुनं वर्तमानपत्र अंथरलं, मिक्सर उलटा ठेवला, प्लग लांब ठेवला. निघणारे स्क्रू ठेवायला त्यांनी इडलीपात्राची ताटली मागितली. पहिल्यांदा निघालेले स्क्रू पहिल्या खळग्यात, नंतरचे दुसऱ्या. बसवताना उलट क्रमानं यायचं. चाळीस वर्षांच्या संसारात इडलीपात्राचा हा उपयोग मला माहीत नव्हता.

पण उघडण्याआधी त्यांनी मला बाहेरूनच बघायला लावलं. सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून वीज येतेय का पाहिलं. तळाशी लाल बटण असतं, ते दाबून पाहिलं. मोटारीवर जास्त भार आला की ते बटण बाहेर येऊन वीज तोडतं. गार झाल्यावर दाबलं की मिक्सर पुन्हा सुरू होतो. कितीतरी मिक्सर निव्वळ या बटणापायी भंगारात गेले असतील. आमचं बटण जागेवर होतं. मग माळ्यावरून त्यांचा लाकडी बोर्ड काढला. त्यावर एक होल्डर, एक सॉकेट, आणि होल्डरमध्ये १०० वॅटचा जुन्या तारेचा बल्ब. असे दोन बल्ब त्यांनी जुन्या लुगड्यात गुंडाळून जपलेत, कारण या कामाला एलईडी चालत नाही. मिक्सरची वीज या बल्बातून जाते. आत तारा एकमेकींना चिकटल्या असतील तर बल्ब लख्ख पेटतो आणि फ्यूज वाचतो. मोटार ठीक असेल तर बल्ब मंद लागतो आणि मोटार गुरगुरते. आमचा बल्ब लागलाच नाही. मिक्सरला थाप मारली तर क्षणभर लुकलुकला. हे म्हणाले, “कार्बन संपलेत.”

मिक्सरच्या मोटारीत मधला भाग फिरतो, त्याला आर्मेचर म्हणतात. फिरणाऱ्या भागाला तार कशी जोडणार? म्हणून त्याच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं कडं असतं, आणि दोन बाजूंनी कोळशासारखे दोन तुकडे स्प्रिंगनं त्यावर टेकलेले असतात. वीज त्या तुकड्यांतून फिरत्या कड्यात जाते. हेच कार्बन. ते मुद्दाम मऊ ठेवलेले असतात, म्हणजे तांब्याऐवजी तेच झिजतात. अशा मोटारी मिनिटाला अठरा-वीस हजार फेऱ्यांपर्यंत जातात. तेवढ्या घासण्यात कधीतरी ते संपणारच. संपत आले की कड्याला नीट टेकत नाहीत, ठिणग्या पडतात, मग एक दिवस सुटतात. आमच्याकडे दोनातला एक कार्बन करंगळीच्या नखाएवढा उरला होता.

रबरी पाय काढल्यावर चार स्क्रू दिसले, चपट्या खाचेचे. पहिला हलेना. ह्यांनी शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडायला सांगितला आणि चहा ठेव म्हणाले. चहा होईपर्यंत स्क्रू ऐकू लागला. आतमध्ये काय होतं म्हणाल तर काळी भुकटी, हळदीचे पिवळे ओघळ आणि एक धण्याचा दाणा. चाळीस वर्षं मी हा मिक्सर बाहेरून लखलखीत ठेवला होता. जुन्या टूथब्रशनं भुकटी झाडली. तांब्याचं कडं काळं पडलं होतं, त्यावर झिरो नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवला. एमरी कापड चालत नाही, त्याच्या कणांतून वीज वाहू शकते. पट्ट्यांमधल्या बारीक खाचांत साठलेला कार्बन खराट्याच्या काडीला टोक करून काढला. शेवटी पट्ट्या नव्या पैशासारख्या चमकल्या आणि हे गप्प झाले. त्यांचा हात थरथरत माझ्या हातावर आला. कड्याची एक पट्टी माझी राहिली होती, ती त्यांनी बोटानं दाखवली.

त्या मापाचे कार्बन मोहोपाड्याच्या बाजारात मिळाले नाहीत. हार्डवेअरच्या दुकानात ड्रिल मशीनचे मिळाले, जोडीला साठ रुपये, थोडे जाड. ते मी सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून घासत बसले. पितळी घरात सहज सरकले पाहिजेत, पण खुळखुळता कामा नयेत. दोन संध्याकाळी लागल्या. जोडल्यावर भांडं न लावता पहिल्या वेगावर तीन मिनिटं चालवला. आधी ठिणग्या दिसल्या, मग कार्बन बसत गेले तशा त्या विझल्या. आवाज पूर्वीचाच, खर्जातला.

आपल्याकडच्या मिक्सरचा जन्मच मुळी अशा बंद पडलेल्या यंत्रातून झाला. मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे अभियंते होते. त्यांच्या पत्नी माधुरी माथुर यांच्याकडचा जर्मन बनावटीचा मिक्सर आपल्या स्वयंपाकापुढे टिकेना. तिकडचा मिक्सर फळं घुसळायला, सूप करायला. आपल्याला त्यात भिजवलेली उडदाची डाळ, सुकं खोबरं, हळकुंडं वाटायची असतात. माथुरांनी त्या कामाला टिकेल अशी मोटार आणि भांडी तयार केली, आणि १९६३ च्या सुमारास ‘सुमीत’ बाजारात आला. एका घरातली कुरकुर नवऱ्यानं मनावर घेतली म्हणून देशभरच्या बायकांच्या खांद्यांवरचा वरवंटा उतरला. माधुरीबाईंनी त्यात काय काय वाटलं जातं ते लोकांपुढे करून दाखवलं. कुणी त्यांना ‘उघडून काय उपयोग’ म्हणून परत पाठवलं असतं तर?

आणि दुरुस्तीचं काम आमच्या भागाला परकं नाही. घाटावरच्या तलावांचं पाणी खाली सोडून टाटांनी खोपोलीत १९१५ साली वीज तयार केली, मग १९२२ ला कर्जतच्या भिवपुरीत. आमच्या पायथ्याशी झालेली वीज आधी मुंबईच्या गिरण्यांना गेली, इथल्या पाड्यांना ती कितीतरी उशिरा दिसली. पण खोपोलीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी पाताळगंगेत येतं, त्या पाण्यामुळे नदी उन्हाळ्यातही वाहते, आणि त्या पाण्यावरच रसायनी-पाताळगंगेचे कारखाने आले. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स १९६० ची. त्या कारखान्यांनी या पंचक्रोशीला फिटर, वायरमन, वाइंडर, मेकॅनिक दिले. संध्याकाळी पाळी सुटली की त्यातले काही जण बाजारात एखाद्या टपरीत बसून पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. भिजलेल्या मोटारी गावोगावहून यायच्या. २०१७ साली केंद्र सरकारनं हिंदुस्थान ऑर्गॅनिकचे रसायनीतले न परवडणारे विभाग बंद करायचा निर्णय घेतला. कंपनीच्या वसाहतीतली माणसं पांगली. अशाच एका टपरीतले काका थकले. त्यांचा मुलगा औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर जातो. वाइंडिंगचं यंत्र त्यांच्या पडवीत गोणपाटाखाली आहे. तांब्याच्या तारेचे फेरे मोजायची ती कला त्यांनी कुणाला शिकवली नाही, कारण शिकायला कुणी आलं नाही.

मला कुणी म्हणतं, बाई, जुनं यंत्र वीज जास्त खातं. फ्रिजबद्दल हे खरं आहे, तो चोवीस तास चालतो. माझा मिक्सर ५०० वॅटचा, दिवसाला दहा मिनिटं. महिन्याला अडीच युनिट होतात. नवे तर ७५० वॅटचे सर्रास मिळतात. दुसरं कुणी म्हणतं, जुन्यात शॉक लागेल. तिथं मात्र मी मान्य करते. बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, वायरचं कातडं तडकलं असेल, जळका वास येऊन धूर निघाला असेल, तर हौस करायची नाही, जाणत्याकडे न्यायचं. आर्मेचर जळलं असेल तर नवीन वाइंडिंगचा खर्च परवडेलच असं नाही. प्रत्येक यंत्र वाचवा असं माझं म्हणणं नाही. न बघताच ‘मेलं’ म्हणू नका, एवढं म्हणणं आहे. आपल्याकडून गेलेला मिक्सर भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातो, मागे कुठेतरी आर्मेचर फोडून, जाळून तांबं काढलं जातं, आणि तो धूर ज्यांच्या घरांवरून जातो ते आपल्यात बसून नवा मिक्सर घेणारे नसतात.

लेकीच्या घरचा चार वर्षांचा मिक्सरही बंद पडला. तो उघडायला गेले तर तळाला स्क्रूच नाहीत, प्लॅस्टिकच्या चापांनी दाबून बसवलेलं. दुसरा चाप काढताना मोडला. कार्बन बदलता येतील अशी जागाच ठेवलेली नाही. माझ्या १९८६ च्या मिक्सरला चार साधे स्क्रू होते. मिक्सर करणाऱ्या माणसानं तेव्हा गृहीत धरलं होतं की कधीतरी कुणीतरी हे उघडेल.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं संकेतस्थळही सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं अशी क्षेत्रं त्यात धरली आहेत. युरोपीय संघानं २०२४ मध्ये कायदाच केला. वॉशिंग मशीन, फ्रिज, मोबाइल यांची दुरुस्ती कंपन्यांनी केलीच पाहिजे, असं त्यात आहे. मिक्सर त्या यादीत नाही. तिथल्या स्वयंपाकघरात तो रोजचा नसेल, आपल्याकडे आहे. म्हणून आपल्याला हवा तो नियम आपणच मागायला हवा. तळाच्या पाटीवर वॅट आणि व्होल्टच्या जोडीला कार्बनचं माप छापा. पात्याचा दांडा फिरतो तो बुश, भांडं मोटारीला जोडणारा कपलर, वॉशर, कार्बन ही झिजणारीच अंगं आहेत. मॉडेल बंद झाल्यावरही ती पंधरा वर्षं सुटी विका, कुठल्याही दुकानदाराला. आणि स्क्रू साधे ठेवा. यात कंपन्यांचं दिवाळं निघेल असं मला वाटत नाही. सायकलची चेन आणि शिलाई मशीनची सुई सुटी मिळते, त्यांच्या कंपन्या काही बुडाल्या नाहीत.

पण नियम येईल तेव्हा येईल. उघडायचं शिकायला नियमाची वाट बघायची गरज नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथं मुलं-मुली वेल्डिंग, वायरिंग, शेती, प्रयोगशाळेतल्या तपासण्या हातानं करत शिकतात. पुढे तोच अभ्यास महाराष्ट्रातल्या कितीतरी माध्यमिक शाळांत गेला. आयटीआयच्या दोन वर्षांच्या इलेक्ट्रिशियनच्या अभ्यासात मोटारीचं वाइंडिंग असतं. पण आमच्याकडच्या मुली त्या ट्रेडला गेलेल्या मी फार पाहिल्या नाहीत, आणि शिक्षिका म्हणून त्याचा दोष माझ्याकडेही येतो. वर्गात मिक्सर आणून उघडायला मला कुणी अडवलं नव्हतं. निबंधाचा विषय ‘माझी आई’ दिला, त्यात आईच्या हातच्या वाटणाचं वर्णन आलं की छान म्हणून शेरा दिला. ते यंत्र कसं चालतं हे मी एकाही मुलीला विचारलं नाही.

मार्चपासून आमच्या ओटीवर रविवारी दुपारी बचत गटातल्या सहा-सातजणी येतात. हे खुर्चीत बसून सांगतात, आम्ही करतो. आतापर्यंत अकरा मिक्सर उघडले. त्यातल्या तीन मिक्सरचे कार्बन गेले होते, एकाचं लाल बटण. एकात मोटारीवर पाणी उतरून आर्मेचर काळंठिक्कर झालं होतं. तो वाचला नाही. त्यावरून भांड्याच्या तळाचं वॉशर गळायला लागलं की वेळीच बदलायचं हे सगळ्यांच्या मनावर ठसलं, कारण मिक्सर बहुधा त्या गळणाऱ्या भांड्यापायीच जातो. कपलरचे आटे असे असतात की चालताना तो आपोआप घट्ट होत जातो, म्हणून काढताना मोटार फिरते त्याच दिशेनं फिरवायचा. हे कळेपर्यंत आमच्यातल्या दोघींनी उलट जोर लावून तळवे सोलून घेतले.

गेल्या रविवारी वाशिवलीकडून एक नवी बाई आली. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची जाऊ. मिक्सर ओढणीत बांधून आणला होता.

“बाई, यो नुसता कुईं करतो, फिरत नाय. नवरा बोलला, मोटार गेली, टाकून दे.”

“भांडं काढून चालवून बघितलंस?”

तिनं भांडं काढलं, बटण फिरवलं. मोटार झर्रकन फिरली. ती दचकून मागे सरली, मग माझ्याकडे बघायला लागली.

“आता भांडं उलटं कर. खालचं चाक हातानं फिरव.”

तिनं दोन्ही हातांनी जोर लावला. चाक हललं नाही. भांड्यात डोकावून पात्याच्या बुडाशी बोट घातलं, हुंगलं.

“मसाला बसलाय वाळून. बुशात.”

“गरम पाणी घाल त्यात,” खुर्चीतून हे म्हणाले. “आणि घाई नको करू.”

तिनं चुलीवरचं आधण आणलं, भांड्यात ओतलं, आणि आम्ही सगळ्याजणी भांड्याभोवती बसून राहिलो.